बोटीच्या ट्रेलरला गाइड पोस्ट बसवताना: मापे, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सियागंजच्या बाजारातून पाइप आणला, ओळखीच्या वेल्डरकडून ट्रेलरला दोन उभे खांब लावून घेतले, आणि तरीही इंदिरा सागर जलाशयावरच्या हनुवंतियाच्या उतारावर बोट पूर्वीसारखीच तिरकी चढते, अशी तक्रार इंदूरच्या बोटमालकांकडून वारंवार ऐकू येते. अशा बहुतेक ट्रेलरवर खांब चांगले भक्कम असतात, पण ते चुकीच्या जागी, चुकीच्या अंतरावर किंवा अपुऱ्या उंचीचे असतात, कारण पाइप आधी खरेदी झालेला असतो आणि मापे नंतर घेतलेली असतात. हा लेख पाच-सहा मीटरपर्यंतच्या फायबरच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, आउटबोर्ड इंजिन असलेल्या बोटी आणि एका आसाचा ट्रेलर गृहीत धरून लिहिला आहे. मोठ्या बोटींनाही क्रम हाच लागू पडतो, मात्र त्यांना पाइप आणि प्लेट अधिक जाड घ्यावी लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. गाइड पोस्टची कामे दोनच आहेत: पाण्याखाली गेलेला ट्रेलर नेमका कुठे आहे हे दाखवणे आणि आत येणाऱ्या बोटीला हलकेच मध्यावर ढकलणे. बोटीचा भार पेलणे, प्रवासात बोट धरून ठेवणे किंवा वेगाने आलेल्या बोटीला थोपवणे ही त्यांची कामे नाहीत, आणि ती त्यांच्याकडून करून घेण्याच्या हट्टापायी बोटीचा काठ तडकतो.

टप्पा १: आधी बोट ट्रेलरवर सरळ बसते का, ते पाहा

ट्रेलर सपाट फरशीवर उभा करा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि पुढचे जॅक-चाक वरखाली करून ट्रेलरची चौकट पाणसळीने समपातळीत आणा. बोट विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या चक्राने) पूर्ण ओढून तिचे पुढचे टोक रबरी थांब्याला टेकवा. आता मागच्या बाजूला, चौकटीच्या डाव्या आणि उजव्या नळीपासून बोटीच्या काठापर्यंतचे आडवे अंतर मोजा.

दोन्ही अंतरांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर खांबांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ज्या कार्पेट चढवलेल्या लाकडी पट्ट्यांवर बोट टेकते, त्यांतील एखादी सरकलेली, वाकलेली किंवा कुजलेली असते, किंवा विंचचा उभा दांडा मध्यापासून हटलेला असतो. हा दोष तसाच ठेवून खांब बसवले, तर खांब बोटीला एका मध्यावर नेतात आणि पट्ट्या दुसऱ्या मध्यावर. पाण्यातून बाहेर ओढताना यात पट्ट्याच जिंकतात, आणि मालक दोष खांबांना देतो.

*तपासणी:* बोटीच्या मागच्या फळीचा मध्य खडूने आखून तिथून ओळंबा सोडा. तो चौकटीच्या मागच्या आडव्या नळीच्या मध्यखुणेवर यायला हवा.

टप्पा २: रुंदीचे माप, तेही सर्वांत रुंद जागेचे

सर्वाधिक चूक या टप्प्यात होते. खांब ट्रेलरच्या मागच्या टोकाला लागणार म्हणून लोक बोटीची मागची रुंदी मोजतात. बोट मात्र त्या खांबांच्या मधून पुढच्या टोकापासून आत शिरते, म्हणजे तिचा प्रत्येक भाग, मधला फुगीर भागसुद्धा, त्याच फटीतून जातो. अनेक बोटी मध्यावर रुंद आणि मागे थोड्या निमुळत्या असतात. मागच्या रुंदीनुसार लावलेल्या खांबांत अशी बोट अर्ध्यावर अडकते, आणि वारा असला तर तिथेच आडवी होऊ पाहते.

म्हणून बोटीच्या काठाभोवतीची रबरपट्टी धरून, तिच्या बाहेरच्या कडेवरून दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडा आणि फरशीवर खुणा करा. डाव्या-उजव्या खुणांतील सर्वांत मोठे अंतर हीच तुमची रुंदी. काठाबाहेर येणारी हूक, दोर बांधायचे खुंटे, बाजूला टांगलेले टायर, हे सगळे लक्षात घ्या. टायर काढूनच बोट चढवायची असेल, तर तशी सवय ठेवावी लागेल.

या रुंदीत दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३ ते ४ सेंटिमीटर मोकळीक मिळवा. समजा सर्वांत रुंद जागी बोट १८० सेंटिमीटर भरली, तर दोन खांबांमधील मोकळी जागा सुमारे १८७ सेंटिमीटर हवी. हे अंतर खांबावर चढवलेल्या प्लास्टिकच्या बाहीपासून बाहीपर्यंतचे आहे, उघड्या लोखंडी पाइपापासूनचे नाही. ६३ मिलिमीटर व्यासाची बाही वापरली, तर पाइपाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर १८७ अधिक ६.३, म्हणजे १९३.३ सेंटिमीटर येते. वेल्डरला हेच मध्य-ते-मध्य माप कागदावर लिहून द्यावे. तोंडी सांगितले की तो पाइपाच्या आतल्या कडेपासून मोजतो आणि बाही चढवल्यावर मोकळीक सुमारे एक-पंचमांशाने घटते.

मोकळीक जास्त ठेवण्याचा मोहही टाळावा. दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर सोडल्यास बोट दोन खांबांमध्ये सहज तिरकी होऊ शकते, आणि मग खांबांचा उपयोग फक्त ट्रेलर दिसण्यापुरता उरतो.

*सावधान:* खांब बाहेरच्या बाजूला चाकांच्या मडगार्डपेक्षा पुढे येता कामा नयेत. येत असतील, तर रस्त्यावर ते इतरांसाठी धोक्याचे ठरतात. अशा वेळी बारीक पाइप आणि बारीक बाही घेऊन पुन्हा हिशेब मांडावा. तरीही बसत नसेल, तर तो ट्रेलर त्या बोटीसाठी अरुंद आहे.

टप्पा ३: उंचीचे माप घाटावर घ्यावे

उंची अंगणात ठरत नाही. ट्रेलर उतारावरून पाण्यात जातो तेव्हा त्याचा मागचा भाग सर्वांत खोल असतो, म्हणून अंगणात उंच वाटणारा खांब पाण्यात कसाबसा डोके वर काढतो.

ज्या उतारावर नेहमी बोट उतरवता, तिथे रिकामा ट्रेलर मागे घेत न्या आणि बोट जिथे तरंगू लागते त्या खोलीवर थांबवा. लहान ट्रेलरच्या बाबतीत हा बिंदू साधारणपणे पाणी मडगार्डच्या माथ्याशी आले की येतो. मग एक सरळ बांबू खांबाच्या नियोजित जागी चौकटीवर टेकवून उभा धरा आणि पाण्याची रेघ त्यावर आखा. बांबू धरणाऱ्याने लाइफ जॅकेट घातलेले असावे आणि गाडी हँडब्रेक व ठोकळ्यांवर उभी असावी.

घाटावर जाण्याआधी अंदाज हवा असेल, तर हिशेब सोपा आहे. मडगार्डचा माथा जमिनीपासून ७० सेंटिमीटर, खांबाचा आडवा हात (एल आकाराच्या खांबाचा चौकटीला जोडला जाणारा भाग) जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, खांब आसाच्या १.४ मीटर मागे आणि उतार सातास एक, असे धरू. खांबाच्या जागी जमीन आसाखालच्या जमिनीपेक्षा १४० भागिले ७, म्हणजे २० सेंटिमीटर खोल आहे. तिथे पाणी ९० सेंटिमीटर आणि त्यातून ४५ वजा केल्यावर खांबाचा ४५ सेंटिमीटर भाग पाण्याखाली. तरंगत्या बोटीचा काठ पाण्यापासून ५५ सेंटिमीटर वर असेल, तर बेरीज १०० झाली. काठावरून खांब नीट दिसावा आणि लाटेवर वर उचललेला काठ त्याच्या डोक्यावर चढू नये, यासाठी आणखी ३० सेंटिमीटर घ्या. खांब १३० सेंटिमीटरचा हवा. बाजारात तयार मिळणारे किंवा वेल्डरने अंदाजाने कापलेले मीटरभराचे खांब या उताराला अपुरे पडतात, आणि त्यांची टोके काठाखाली रुतून रबरपट्टी उचकटतात.

इंदिरा सागरसारख्या जलाशयावर आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. पूर्ण जलपातळी २६२.१३ मीटर असताना सिमेंटच्या उतारावर जे माप मिळते, ते उन्हाळ्यात पाणी पुष्कळ खाली गेल्यावर, सिमेंट संपून मुरूम आणि गाळ सुरू झाल्यावर लागू पडत नाही. उतार मंद झाला की बोट तरंगण्यासाठी गाडी अधिक आत न्यावी लागते, आणि तीव्र झाला की ट्रेलरची शेपटी अधिक बुडते. वर्षभर एकाच ठिकाणी बोट उतरवणाऱ्यांनी सर्वांत तीव्र उतार धरूनच उंची ठरवावी. जास्तीचे १० सेंटिमीटर नंतर कापता येतात.

टप्पा ४: जागा निश्चित करणे

खांब चाकांच्या मागे आणि चौकटीच्या मागच्या टोकाच्या जितके जवळ बसवता येतील तितके बसवावेत. ते पुढे, चाकांजवळ लावले, तर बोट त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत निम्मी पट्ट्यांवर आलेली असते आणि तिची दिशा सुधारायला वाव उरत नाही.

जागा निवडताना मागचे दिवे झाकले जाणार नाहीत, दिव्यांची वायर किंवा ब्रेकची नळी यू-बोल्टखाली (खांब चौकटीला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टखाली) चेपली जाणार नाही आणि ट्रेलर खड्ड्यात दबल्यावर टायर किंवा कमानपट्टा (स्प्रिंग) आडव्या हाताला घासणार नाही, याची खात्री करून घ्यावी. डावा आणि उजवा खांब मागच्या आडव्या नळीपासून समान अंतरावर असले पाहिजेत. हे अंतर दोन्हीकडे फितीने मोजा, डोळ्यावर विसंबू नका.

टप्पा ५: सामान, आता

आधीच्या चार टप्प्यांची मापे कागदावर आल्याशिवाय बाजारात जाऊ नये.

खांबासाठी ४० मिलिमीटर नॉमिनल बोरचा (म्हणजे आतल्या पोकळीच्या ठोकळ मापाचा), मध्यम वर्गाचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप पुरतो. दुकानदार त्याला दीड इंची म्हणतो, पण त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. त्यामुळे ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप त्यावर चढत नाही, कारण पीव्हीसीचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. त्यावर ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सैलसर बसतो आणि मोकळा फिरतो, आणि आपल्याला तेच हवे आहे. दुकानातच एक तुकडा दुसऱ्यात घालून पाहावा.

खांबाचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असतो: एक आडवा हात आणि एक उभा. हा कोन पाइप बेंडरवर वाकवून घ्यावा किंवा जोड वेल्ड करून त्याच्या काखेत त्रिकोणी पट्टी लावावी. नळजोडणीचा आट्यांचा एल्बो वापरू नये. बोटीने बाजूने ढकलले की त्याचे आटे फिरतात आणि काही दिवसांत खांब बाहेर कलतो. स्वस्त पडतो म्हणून हा एल्बो सर्रास वापरला जातो, आणि नंतर खांब सैल पडण्याचे ते एक मोठे कारण असते.

प्रत्येक खांबाला किमान दोन यू-बोल्ट, १२ मिलिमीटर जाडीचे, आणि ६ ते ८ मिलिमीटर जाड प्लेट लागते. चौकट चौकोनी नळीची असेल, तर यू-बोल्टही चौकोनी घ्यावेत. गोल यू-बोल्ट चौकोनी नळीला फक्त कोपऱ्यांवर टेकतो आणि कितीही आवळला तरी घसरतो. चौकट उघड्या चॅनेलची असल्यास, यू-बोल्ट आवळताना तिच्या कडा आत चेपू नयेत म्हणून चॅनेलच्या पोटात मापाचा लोखंडी ठोकळा घालावा. जस्त चढवलेल्या बोल्टला त्याच्याच जोडीचे नट मागावेत. जस्ताच्या थरामुळे साधा नट त्यावर नीट चढत नाही, आणि बळजबरी केली की आटे जातात.

चौकटीला भोके पाडू नयेत, आणि शक्यतो वेल्डिंगही करू नये. भोकाने नळी कमकुवत होते, आतून गंज धरते, आणि खांब दोन सेंटिमीटर सरकवायचा झाला तर दुसरे भोक पाडावे लागते. नोंदणी झालेल्या ट्रेलरच्या मूळ चौकटीत बदल करायचाच असेल, तर आधी आरटीओत विचारून घ्यावे.

*सावधान:* जीआय पाइप वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला, तर काही तासांनी थंडी-ताप भरतो. वेल्डरला जोडाजवळचे जस्त आधी घासून काढायला आणि काम उघड्यावर करायला सांगावे. नंतर त्या जागेवर आणि कापलेल्या टोकांवर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत.

टप्पा ६: पाण्यासाठी आणि हवेसाठी भोके

आकाराने किरकोळ वाटणारी ही गोष्ट वगळली जाते आणि मग दोन तऱ्हेने त्रास देते. खांबाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर, म्हणजे वळणाच्या पोटाशी, ८ ते १० मिलिमीटरचे भोक पाडावे, नाहीतर आत साठलेले पाणी पाइप आतून खाते. तयार सांगाडा गरम जस्ताच्या टाकीत बुडवून घ्यायचा असेल, तर ही भोके आधीच पाडलेली असलीच पाहिजेत, कारण बंद पोकळीतील हवा-पाणी त्या उष्णतेने पाइप फोडू शकते.

दुसरे भोक पीव्हीसीच्या बाहीला, वरच्या टोपीच्या जरा खाली पाडावे. टोपी लावलेली बाही खाली उघडी आणि वर बंद असते. ट्रेलर पाण्यात जाताना तिच्यात हवा कोंडते आणि बाही हळूहळू वर उचलली जाते, कधी अख्खी निघून तरंगतही जाते. पाच मिलिमीटरच्या भोकातून ती हवा निघून जाते.

बाही खाली वळणावर टेकून घासू नये, म्हणून वळणाच्या थोडे वर पाइपावर एक जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची गोल पट्टी) आवळावी आणि तिच्यावर नायलॉनचा वॉशर ठेवावा. क्लिपचा स्क्रू बाहेरच्या बाजूला असावा, बोटीकडे नव्हे.

टप्पा ७: ढिले बसवा, मोजा, मगच आवळा

बोट ट्रेलरवरच ठेवून काम करावे. सर्व नट हाताने फिरतील इतपत लावा आणि दोन्ही खांब अंदाजाने जागेवर आणा. पाणसळ उभी धरून प्रत्येक खांब दोन दिशांनी तपासा. उभा खांब किंचित बाहेर झुकलेला चालतो, आत झुकलेला अजिबात चालत नाही, कारण वर अंतर कमी झाले की तरंगत्या बोटीचा काठ नेमका तिथेच अडकतो.

त्यानंतर मोकळ्या जागेच्या मापाची, म्हणजे आपल्या उदाहरणात १८७ सेंटिमीटरची, एक लाकडी पट्टी कापून घ्यावी. बोट उतरवल्यावर ही पट्टी खांबांच्या मधून तीन उंचींवर आडवी फिरवून पाहायची: बाहीच्या तळाशी, काठाच्या उंचीवर आणि माथ्याशी. तिन्ही ठिकाणी ती सहज पण फार न डुलता गेली पाहिजे. फितीने मोजताना फीत लोंबते आणि माप खोटे येते, पट्टीत ती अडचण नाही.

मग यू-बोल्टचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळावेत. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा आवळला, तर प्लेट तिरकी बसते. नायलॉन वलयाचे नट वापरावेत किंवा वर दुसरा नट चढवावा. आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा फिरवा, कारण आवळताना खांब थोडे तरी हलतातच. शेवटी बाहीच्या वरच्या भागावर लाल परावर्तक पट्टी लावावी. संध्याकाळी गाडीच्या आरशात तीच दिसते.

*तपासणी:* खांबाचा माथा हाताने जोरात ढकला. पाइप किंचित लवला आणि परत आला तर ठीक. चौकटीवरची प्लेट हलली, तर काम अपुरे आहे.

टप्पा ८: पाण्यातील पहिली चाचणी

पहिली चाचणी वारा नसलेल्या सकाळी, इंजिन बंद ठेवून आणि दोन दोरांनी बोट ओढून करावी. घाटावर पोहोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालू नये. तापलेले बेअरिंग गार पाण्यात गेले की हब आतून पाणी ओढून घेतो. बेअरिंग निवेपर्यंत थांबा आणि तेवढ्या वेळात दिव्यांचा प्लग काढून ठेवा.

ट्रेलर किती खोल न्यायचा, यातच बहुतेकांचा घोटाळा होतो. खांब दिसतात म्हणून लोक धीट होतात आणि ट्रेलर फार आत नेतात. पट्ट्या पूर्ण बुडाल्या की बोट त्यांच्यावर टेकतच नाही, वरच तरंगत राहते, आणि गाडी पुढे घेताच एका बाजूला सरकून बसते. पट्ट्यांची पुढची टोके पाण्याबाहेर किंवा जेमतेम पाण्याशी असावीत. बोटीचे पुढचे टोक त्यांवर आले की उरलेले अंतर विंचने ओढावे.

मे महिन्यात माळव्यात आणि निमाडात पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि मोठ्या जलाशयावर तो अडत नाही. आडव्या वाऱ्यात बोट मध्यावरून न आणता वाऱ्याच्या बाजूच्या खांबाकडे थोडी धरून आणावी. वारा तिला आपोआप दुसऱ्या खांबाला टेकवतो, तिथे बाही फिरते आणि बोट तिच्यावरून आत सरकते. इंजिनाचा जोर देऊन बोट चढवू नये. त्या झोताने उताराच्या टोकाखालची माती उकरली जाते आणि पुढच्या ट्रेलरचे चाक त्या खड्ड्यात जाते.

*सावधान:* बोट आत येत असताना काठ आणि खांब यांच्यामध्ये कोणाचाही हात नसावा. बोट धरायची असेल, तर दोराने धरावी. गाडी आणि बोट यांच्या मधल्या रेषेत, विंच चालवणाऱ्याखेरीज कोणी उभे राहू नये.

बोट बाहेर आल्यावर मागच्या बाजूचे पट्टे चौकटीला बांधा. ते खांबांना बांधू नयेत, आणि खांबाभोवती गुंडाळून पुढे नेऊ नयेत. विंचखेरीज पुढच्या टोकाला सुरक्षा साखळी वेगळी हवी.

टप्पा ९: पहिल्या प्रवासानंतर

नवीन यू-बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरमध्ये थोडे ढिले पडतात, आणि सिमरोळच्या पुढे भेरूघाटाची वळणे व उतार असल्याने इंदूरकरांच्या बाबतीत तर हमखास पडतात. बडवाहला चहासाठी थांबाल तेव्हा पाना काढून प्रत्येक नट तपासा, आणि घरी परतल्यावर पुन्हा एकदा. त्यानंतर दर मोसमाच्या सुरुवातीला नट, वेल्डचे जोड आणि बाहीवरील भेगा पाहाव्यात. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते आणि तडकलेल्या बाहीची धार फायबरवर ओरखडा काढते, म्हणून भेग दिसताच बाही बदलावी. खालच्या भोकात गाळ भरला असेल, तर तारेने मोकळे करावे आणि ट्रेलर पुढून थोडा उचलून आतले पाणी पूर्ण निघू द्यावे.